मान वाड्याचा, बैल वस्तीतले

खांद्यात तूप मुरायला वेळ लागतो, आणि म्हातारा घाईत नाही. हळद कालवलेलं तूप तो डाव्या तळहातावर घेतो, दोन्ही हात चोळून ऊन करतो, मग वशिंडाच्या पुढं, बरोबर जिथं जू बसतं तिथं, अंगठ्यानं दाबत दाबत फिरवतो. तिथले केस कधीच गेलेत. कातडी काळी पडून जाड झालीय आणि मधोमध रुपयाएवढी गुलाबी जागा आहे. त्या जागेपाशी आला की अंगठा उचलतो, नुसती बोटं टेकवतो. बैल आधी मान आखडून घेतो, नंतर हळूहळू खाली सोडतो आणि नाकातून एक लांब फुस्कारा टाकतो.

"पेरणीत सोलला व्हता," म्हातारा सांगतो. "पाऊस पडला की समदे एकदमच हाका मारतेत, ये गा, ये गा. कुनाला नाई म्हनावं?"

१ सप्टेंबर २०२४, रविवारची संध्याकाळ. उद्या श्रावणी अमावास्या, पोळा. आज खांदेमळण. जळकोट आणि मुखेड तालुक्यांच्या शिवेवरचं हे गाव; थोडं पुढं गेलं की लातूर जिल्हा संपतो आणि नांदेड लागतो. पावसानं नुसती झड धरलीय. गोठ्याच्या पत्र्यावर असा कोसळतोय की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. म्हाताऱ्याच्या पोराच्या मोबाईलवर नांदेडच्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ आलाय, तो सगळ्यांना दाखवून झालाय. शेंगा भरत आलेल्या सोयाबीनमध्ये पाणी उभं आहे, तोडून आणलेल्या मुगाच्या शेंगा ओसरीत पसरल्यात आणि त्यांना कोंदट वास सुटलाय. पण त्याबद्दल कोणी फार बोलत नाही. जे काय रडायचं ते पोळ्यानंतर.

गोठ्यात बैल दोनच, पण एका जातीचे नाहीत. डावीकडचा देवणी, अंगानं पांढरा आणि तोंडानं काळा. याला इकडं वानेरा म्हणतात. सगळा पांढरा असला तर बालंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके असले तर शेवरा. उजवीकडचा लाल कंधारी, विटकरी रंगाचा, बुटका पण गोळीबंद. एकाच्या जातीला लातुरातल्या देवणीचं नाव, दुसऱ्याच्या जातीला नांदेडातल्या कंधारचं. दोन जिल्हे एका जुवाखाली, असं मी गमतीनं म्हणतो. म्हातारा हसत नाही. जाणत्या शेतकऱ्याच्या नजरेला अशी जोडी खुपते. उंची जुळत नाही, चाल जुळत नाही, तिफण एका अंगाला ओढते. वानेऱ्याचा जोडीदार लम्पीच्या साथीत गेला. अंगभर गाठी, पायाला सूज, आठ दिवस बसून होता म्हणे. पुन्हा देवणी घ्यायचा तर पैसा पुरेना. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात हा लाल परवडला, म्हणून आणला.

आणि उद्या गावच्या पोळ्यात सगळ्यांच्या पुढं चालणार आहे ती हीच विजोड जोडी. मानाची जोडी म्हणून.

मान पाटलांच्या वाड्याचा आहे. बैल मातंग वस्तीतल्या या म्हाताऱ्याचे. वाड्याच्या दावणीला आता बैलच नाहीत. शेवटची जोडी गेली २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात. पाणीच विकत, तिथं कडबा कुठून आणणार? पुढं वाड्यात ट्रॅक्टर आला आणि दावणीच्या जागी त्याची शेड झाली. म्हाताऱ्यानं उमेदीची वर्षं त्याच वाड्यावर सालानं घालवलेली, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. जोडी गेली त्या वर्षीच्या पोळ्याला मालकांचा निरोप आला: झूल आमची, बैल तुझे. तेव्हापासून तसंच चाललंय. मानाला खंड पडलेला नाही. वाड्याचा ट्रॅक्टरही नेमानं चालू आहे.

तूप संपल्यावर म्हातारा हात धुत नाही, तसाच बैलाच्या कानाशी तोंड नेतो. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मग दुसऱ्याच्या कानात तेच. नातीला शंका येते की लाल नवा आहे, त्याला कळलं असेल का. म्हातारा तिच्यासाठी पुन्हा एकदा सांगतो, या खेपेला मोठ्यानं. पलीकडच्या गोठ्यातूनही तोच आवाज येतो, तिकडं आवतण देणारी बाई आहे. नवरा हैदराबादेत बांधकामावर आहे, त्याला रजा मिळाली नाही.

सोमवार उजाडतो. पाऊस आहेच.

दरवर्षी बैल ओढ्यात धुतात. आज ओढा दोन्ही काठ धरून चाललाय, त्यातून कोणाच्या तरी तुराट्यांचा भारा वाहत येतो, कुत्री काठानं त्याच्यामागं धावतात. त्यामुळं आंघोळी दारातच. पोरगा बोअरची नळी धरतो, वरून पाऊस, खालून नळी. नात एक रुपयाची शाम्पूची पुडी दातानं फोडते आणि वानेऱ्याच्या पाठीवर रिकामी करते. फेस त्याच्या पोटावरून ओघळून चिखलात पडतो. लाल मात्र नळीला बिचकतो, दोन पाय मागं घेतो, तिच्या हातातली घासणी उडते. "त्याला तांब्यानं घाला गं," म्हातारा ओरडतो.

शिंगं कालच साळून ठेवलीत. पूर्वी हिंगूळ लावत, आता ऑइलपेंटचा लाल डबा. ओल्या शिंगाला रंग धरत नाही म्हणून पोरगा बैलाच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहतो, धाकटा फडक्यानं शिंग पुसतो आणि तिसरा ब्रश फिरवतो. बैल या तिघांकडं आळीपाळीनं बघतो. मग बेगड, टोकाला पितळी शेंब्या, कपाळावर गोंडे, गळ्यात घुंगरमाळ आणि कवड्यांची माळ. गोंडे, म्होरकी, वेसण सगळं बाजारचं, नायलॉनचं, झगझगीत पिवळं-हिरवं. एक कासरा तेवढा वेगळा दिसतो. करडा, खरखरीत, हाताला टोचणारा. तो म्हाताऱ्यानं वळलाय.

अंबाडी आता कोण लावतं? त्यानं बांधाला दोन ओळी लावलेल्या असतात, भाजीसाठी म्हणून, आणि काही झाडं वाढू देतो. ती कापून पाण्यात भिजत घालायची, कुजून साल सुटली की सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. मग ते सोल पायाच्या अंगठ्यात अडकवून मांडीवर पीळ देत जायचं. मला करून दाखवतो. दोन पदर उजवीकडं पिळतात आणि एकमेकांवर डावीकडं बसतात, म्हणून सुटत नाहीत. मांडीवरची कातडी तिथं गुळगुळीत झालीय. गावातल्या प्रत्येक दावणीचे कासरे, दावी, शिंकाळी याच वस्तीतून जात आणि सुगीला त्याबद्दल खळ्यावरून धान्य मिळे. बलुतं बुडालं, नायलॉन आलं. "नायलॉन तुटत नाई," म्हातारा कबूल करतो. "पन बैल वढायला लागला की हात कापतंय."

वस्तीच्या तोंडाशी अण्णाभाऊ साठेंच्या नावाची कमान आहे. १ ऑगस्टच्या जयंतीच्या पताका अजून तिला लोंबतात, भिजून एकमेकींना चिकटलेल्या. तिच्याखालून जोडी निघते आणि आधी वाड्यावर जाते.

वाड्याच्या ढेलजेत झूल बाहेर काढून ठेवलीय. लाल मखमल, जरीची वेल, बारीक आरसे, कडेला काळपट पडलेली झालर. डांबरगोळ्यांचा वास. थोरल्या मालकांच्या वडिलांनी शिवून घेतलेली, ती त्यांच्या देवणी जोडीच्या मापाची. वानेऱ्याला ती नीट बसते. लालच्या अंगावर मात्र गुडघ्यापर्यंत येते. मालकीणबाई दोन टाचण्या आणतात, पोटाखालून एक सुतळी जाते, काम भागतं. पुण्याहून नातू आलाय, कंपनीतून सुट्टी काढून. पांढरा कुर्ता, डोक्यावर तयार बांधलेला फेटा, पायात बूट. कासरा त्यानं धरायचा आहे.

"काका, काही करणार नाही ना हा?"

"तुमी निस्तं धरा, दादा. वढू नका. त्येच्या मनानं चालू द्या."

वेस पडून जमाना झाला. तोरण आता ग्रामपंचायतीच्या सिमेंटच्या कमानीला बांधतात. आंब्याची पानं, मधे नारळ, दोर अंबाडीचा. तो दोर आणि ते तोरण वस्तीनं आणून बांधायचं, ही जुनी रीत अजून चालू आहे. म्हाताऱ्याचा पुतण्या कमानीवर चढलाय, पाण्यानं निथळतोय आणि खाली बघून विचारतो, "सरळ हाय का?" खालून पाच जण पाच दिशा सांगतात.

मैदानात जोड्या उभ्या राहायला लागतात. वीस-बावीस असतील. पारावरच्या म्हाताऱ्यांच्या मते हे काहीच नाही, पूर्वी रांग ओढ्यापर्यंत जाई. बैल का कमी झाले याची कारणं पारावर पाऊस थांबायची वाट बघत एकेक करून निघतात. बहात्तरचा दुष्काळ. सोळाचा. लम्पी. सालदार मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. एकजण २०१५ सालचा कायदा काढतो: तेव्हापासून बैलाच्या कत्तलीवर बंदी आली, म्हातारा बैल विकत कोणी घेईना, तो मरेपर्यंत पोसायचा म्हणजे दोन एकरवाल्यानं काय करावं? दुसरा म्हणतो, कायदा नसता तरी ट्रॅक्टरनं तेच केलं असतं. मला दोघांचंही पटतं. मात्र एक गोष्ट कोणीच बोलत नाही, ती रांगेकडं बघितल्यावर दिसते. ज्यांच्याकडं तीस-चाळीस एकर आहे त्यांच्या दावणी रिकाम्या आहेत. बैल उरलेत ते थोड्या रानवाल्यांकडं, कारण नांगरट ट्रॅक्टर करतो, पेरणीही करतो, पण हातभर वाढलेल्या सोयाबीनच्या दोन ओळींतून कोळपं चालवायला अजून बैलच लागतात. स्वतःचं रान कोळपून झालं की हे लोक दुसऱ्याचं कोळपतात, त्यावर घर चालतं.

पाठींवर घोषणा रंगवल्यात. एका बैलावर 'सोयाबीनला भाव द्या'. हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर आहे आणि बाजार त्याहून पाचशे-सहाशेनं खाली. चुन्यानं लिहिलेली अक्षरं पावसात ओघळतायत, 'भाव' पार पुसट झालाय. एका जोडीवर आरक्षणाची मागणी, पलीकडच्या गल्लीतल्या जोडीवर बरोबर उलटी मागणी. दोन्ही मालक एकमेकांकडं बघत नाहीत. बैल एकमेकांना हुंगतायत. लाडक्या बहिणीचे पहिले पैसे पंधरा दिवसांखालीच जमा झालेत, त्यामुळं बायकांच्या अंगावर बऱ्याच नव्या साड्या आहेत. एक टवाळ पोरगं ओरडतं, "बहिणीला पंधराशे, बैलाला किती?" सगळं मैदान हसतं. पुढारीही हसतो, विधानसभा तोंडावर आहे.

ज्यांच्या घरी बैल नाहीत त्यांची लहान पोरं मातीचे बैल घेऊन आलीत. कुंभाराकडून आणलेले, भिजून चिखल होऊ नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत. मला जपानातल्या उन्हाळी सणांबद्दल वाचलेलं आठवतं. तिकडं ऑगस्टमध्ये पितर घरी येतात असं मानतात, आणि त्यांना परत जायला काही घरांत वांग्याचा बैल करून ठेवतात, काड्यांचे पाय खोचून. येताना काकडीचा घोडा, कारण यायची घाई, जाताना बैल, कारण जायची घाई नको. त्यांच्या उन्हाळी जत्रांतही देवाची पालखी खांद्यावर घेऊन अख्खी गल्ली निघते. वर्षानुवर्षं दांडा वाहणाऱ्यांच्या खांद्यावर गाठ येते आणि ती ते अभिमानानं मिरवतात. आता त्यांच्या खेड्यांतून तरुण शहरात गेले, खांदे पुरेनात, तर बाहेरून माणसं बोलावून पालखी उचलावी लागते. पालखी गावची, खांदे पाहुण्यांचे. वाड्याच्या झुलीखाली उभ्या असलेल्या लालकडं बघून मला ते फार लांबचं वाटत नाही.

देवळाच्या भोंग्यातून खरखर येते आणि मंगलाष्टकं सुरू होतात. मराठवाड्यात पोळ्याला बैलांचं लग्न लागतं, आणि ते थट्टेनं नाही, रीतसर लागतं. रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता परातीतून वाटल्या गेल्यात. 'सावधान' आलं की मूठ उडते. वाळलेल्या पाठीवरून अक्षता घरंगळल्या असत्या. आज त्या चिकटतात. बघता बघता सगळे बैल लाल-पिवळ्या दाण्यांचे होतात. शिंगांचा रंग कुठं कुठं सुटलाय, कपाळावरून गुलाबी पाणी उतरतंय, बाशिंगाचा कागद लगदा होऊन नाकावर आलाय. एक बैल जीभ काढून आपल्याच बाशिंगाचा तुकडा ओढतो आणि खातो. शेवटच्या मंगलाष्टकाला हलगी पेटते.

आता मानाची जोडी. सगळे मागं बघतात, वाट होते. नातू पुढं येतो, हातात कासरा, समोर त्याच्या बहिणीचा मोबाईल. वानेरा चार पावलं चालतो. लाल चालत नाही. नातू जरा ओढतो. लाल खुरं रोवून उभा. लोक "हुर्र" करतात, त्यानं तो आणखी बुजतो, मान झटकतो आणि टाचणीनं धरलेली झूल एका बाजूनं सुटते. थोरले मालक पारावर खुर्चीत बसलेत, ऐंशीच्या पुढचे, त्यांच्या हातातली काठी जमिनीवर एकदा आपटते.

म्हातारा गर्दीतच आहे, भिंतीला लागून. तो पुढं येत नाही. जिभेनं टाळूला लावून एक आवाज काढतो, टक् टक्, तेवढाच. लालचे कान वळतात. म्हाताऱ्याचा पोरगा बैलाच्या पलीकडच्या अंगानं, फोटोत येणार नाही असा वाकून, वशिंडावर हात ठेवतो आणि चालायला लागतो. लालही चालायला लागतो. दोघं मिळून तोरणाखालून जातात, नातवानं कासरा धरलेला, पोरानं बैल. वानेऱ्याच्या शिंगाच्या शेंबीत दोर अडकतो, ताणतो, तुटतो. आंब्याची पानं आणि साचलेलं पाणी नातवाच्या फेट्यावर. पोळा फुटला!

पुढं सगळा कल्ला. मागच्या जोड्या एकदम सुटतात, घुंगरमाळांचा आवाज पावसाच्या आवाजावर चढतो, पोरं बाजूला उड्या मारतात, 'चांगभलं'चा पुकारा होतो. कोणाचा तरी खोंड एकटाच उधळून शाळेच्या आवारात घुसतो. माझ्या पायावरून एक खूर जातो, चिखल असल्यामुळं पाय वाचतो.

डीजेचा ट्रॅक्टर देवळाच्या वळणावर रुततो. वाड्याचाच ट्रॅक्टर. ट्रॉलीत आठ भोंगे आणि जनरेटर, मागचं चाक निम्मं चिखलात. चालक गिअर बदलत राहतो आणि चाक स्वतःसाठी खड्डा खणत राहतं. गाणं मात्र चालू. कोणीतरी ओरडतं, "जोडी लावा की! चार बैल लावले की निगंल."

या एकाच क्षणी म्हाताऱ्याचा आवाज मोठा होतो. "आज जू नाई."

वाद होत नाही. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू येत नाही, काल ज्याला आवतण दिलं त्याला आज जुंपायचं कसं? थोरले मालकही पारावरून हात हलवून नाही म्हणतात. मग पंधरा-वीस माणसं नव्या कपड्यांनिशी ट्रॅक्टरला भिडतात, त्यात घोषणावाले दोन्ही मालक एकाच मडगार्डला. ट्रॅक्टर निघत नाही. डीजे तिथंच बंद होतो आणि मिरवणूक हलगीवर पुढं सरकते. माझ्या मते हे बरंच झालं. भोंग्यापुढं बैल कानकोंडा होतो. हलगीचा ताल त्याच्या पायात आहे.

मारुतीला पाच फेरे. पहिली मानाची जोडी, तिच्यामागं भाऊबंद, मग इतर जाती, प्रत्येकाची जागा ठरलेली आणि कुठंही लिहिलेली नाही. मराठवाड्यात या रांगेवरून डोकी फुटलीत, कोणाचा बैल कोणाच्या पुढं गेला, कोणाच्या बैलानं मारुतीला फेरा घ्यायचा की नाही यावरून. इथंही दोन हवालदार रेनकोट घालून उभे आहेत, काम नसल्यासारखे पण डोळे रांगेवर. आज काही होत नाही. रांगेच्या शेवटी वस्तीतल्या तीन जोड्या आहेत. त्यांतली अगदी शेवटची हैदराबादेतल्या बांधकाम मजुराची, कासरा त्याच्या बायकोच्या हातात. त्या तिन्ही जोड्यांना झुली नाहीत, पाठीवर घरातल्या रंगीत साड्या टाकल्यात. म्हणजे मिरवणुकीचं तोंडही वस्तीतलं आणि शेपूटही वस्तीतलंच. मधल्या गावाला ते दिसत असणार. मी शेजारच्या एकाला विचारतो, तर तो सहज म्हणतो, "त्ये वाड्याचे बैल हायेत ना पुडं." झूल चढली की बैल वाड्याचा.

फेरे झाले की जोड्या घरोघर. मानाची आधी वाड्यात. मालकीणबाई खुरांवर पाणी घालतात, हळदकुंकू लावतात, ओवाळतात, सुपात पुरणपोळी, वर तुपाची धार. वानेरा तीन घासांत संपवतो आणि सूप चाटतो. लाल हुंगतो, तोंड फिरवतो, ढेलजेतल्या कुंडीतली तुळस ओढू बघतो. बायका हसतात. म्हाताऱ्याचा पोरगा पोळी मोडून हातावर धरतो, तेव्हा खातो. पोराला नवा टॉवेल-टोपी आणि पाचशे एक रुपयांचं पाकीट मिळतं. आत पंगतीची तयारी दिसते, बाहेर त्याच्या हातात स्टीलचा चार पुड्यांचा डबा येतो. "घरी सगळ्यांना होईल," मालकीणबाई म्हणतात, आणि खरंच मायेनं म्हणतात. डबा जड आहे.

घरी पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हातारी पाय धुते, नात ओवाळते, तिच्या ताटलीत दोन रुपयांचं नाणं. वाड्याचा डबा उघडून बाजूला ठेवलाय, पण बैलांना आधी घरची पोळी. ती जाड आहे, गूळ जास्त, कडेला करपलेली. लाल ही मात्र एका दमात खातो, आणि नात सगळ्या वस्तीला ते सांगायला पळते. मलाही ताट वाढलं जातं. पोळी, कटाची आमटी, भजी. आमटी इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी येतं आणि म्हातारीला वाटतं मला आवडली नाही. मी आणखी एक वाटी मागून घेतो.

दिवस कलतो तसा पाऊसही जरा ओसरतो. माणसं खोरी घेऊन रानाकडं निघतात, पाणी काढून द्यायला. पोरगा मोबाईलवर पीकविम्याची तक्रार भरतोय. नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत भरली पाहिजे आणि फोटो अपलोड होत नाही. झूल दोरीवर पसरलीय, तिच्यातून लाल पाणी गळतंय.

ती न्यायला वाड्यावरून नातू येतो, आता हाफ पँटवर, फेटा नाही.

"ओली हाय दादा. वाळवून आनून देतो उद्या."

"आजोबांनी दुसरंही विचारायला सांगितलंय, काका." तो ओसरीच्या कडेला टेकतो. "ते म्हणतात, जोडी आम्ही विकत घेतो. तुमच्याकडेच राहू दे, तुम्हीच वापरा. फक्त नावावर आमच्या. पोळ्याला आपले बैल म्हणता येतील."

पोराचा मोबाईलवरचा अंगठा थांबतो. म्हातारा तंबाखू मळतो, चुना झटकतो.

"लालला बी घेनार? त्यो तर जोडीत बसत नाई."

"दोन्ही. जसे आहेत तसे."

"आन कोळपनीचे पैसे माजे?"

"तुमचेच. आजोबा म्हणाले, आम्हाला फक्त पोळ्याचा एक दिवस."

"मालक तुमचे, मंग वरीसभर खायला कोन घालनार?"

नातवाला याचं उत्तर सांगून पाठवलेलं नसावं. तो फोन काढतो, आजोबांना लावतो, रेंज नाही. म्हातारा तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवतो.

"मालकांला इचारा, कडबा शेकड्यानं देनार का गाडीनं. त्ये ठरलं की मंग बैलाचं बोलू."